आकारिक ते समग्र: मूल्यमापनाची पंधरा वर्षं

महाराष्ट्रातल्या पहिली ते आठवीच्या वर्गांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं ते २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने. त्याच वर्षी १ एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला होता आणि त्याच्या कलम २९ मध्ये अशा मूल्यमापनाची तरतूद होती. विचार मात्र त्याहून जुना. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो आहे. आणि गुणांच्या धाकाशिवाय मुलं शिकतात, हे कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात लीलाताई पाटील १९८५ पासून दाखवत होत्या.

तो शासन निर्णय आजही नीट वाचावा असा आहे. शिकत असतानाचं मूल्यमापन आकारिक, सत्राअखेरचं संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४०. मूल जितकं लहान तितका लेखी पेपर कमी सांगतो आणि शिकवणाऱ्या बाईंना रोज समोर दिसतं ते जास्त मोलाचं, हे या आकड्यांनी मान्य केलं. साधनं म्हणून दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय सुचवले. निकाल ‘अ-१’ ते ‘इ-२’ अशा नऊ श्रेणींत लागायचा. ‘ड’च्या खाली राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन वर आणणं ही शाळेची जबाबदारी होती. मला या निर्णयातलं हे सगळ्यात मोठं वाक्य वाटतं, आणि सर्वांत कमी अंमल झाला तो याच वाक्याचा.

आकारिक म्हणजे नेमकं काय, ते तिसरीतल्या एका वजाबाकीत दिसतं. फळ्यावर ५२ वजा ३८ आहे. एक मुलगी २६ लिहिते. शेजारचा मुलगा २४ लिहितो. तिसऱ्याने जागा कोरी सोडली. पेपरात तिघांनाही शून्य. पण मुलीने आठातून दोन आणि पाचातून तीन काढले आहेत. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच तिला ठाऊक आहे, दशक सुटा करणं तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही. मुलाने दशक सुटा केला, बारातून आठ नेऊन चार बरोबर लिहिले, फक्त पाचाचे चार करायला विसरला. मुलीच्या हातात काड्यांचे गठ्ठे द्यायला हवेत, ती स्वतः एक गठ्ठा सोडेल तेव्हा उलगडेल. दुसऱ्याला खोडलेल्या पाचावर चार लिहायची सवय लावली की पुरे. तिसऱ्याजवळ बसून आधी विचारायचं, आकडा वाचता येतो का? बाईंना हे दिसलं आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्याप्रमाणे बदलला, की मूल्यमापन झालं. त्याची नोंद नंतर दोन ओळींत होते.

घडलं ते उलट. निर्णयापाठोपाठ नोंदवह्या आल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे तीस मुलांचा एक वर्ग धरा. तिसरी-चौथीला कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण धरून सात विषय, सत्रं दोन. प्रत्येकी एकच वर्णनात्मक नोंद धरली तरी ४२० नोंदी. द्विशिक्षकी शाळेत हेच शिक्षक एकावेळी दोन-तीन इयत्ता सांभाळतात, पोषण आहाराचा हिशेब ठेवतात, मतदार यादीचं काम करतात. मग छापील नोंदींच्या पुस्तिका दुकानांत आल्या आणि पुढे त्यांच्या पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरल्या. ‘वर्गकार्य वेळेत पूर्ण करतो’, ‘गटकार्यात सहभागी होतो’, ‘वाचनाची आवड आहे’. सत्र संपताना रात्र जागून ही वाक्यं उतरवली जातात. याचा दोष मी शिक्षकांना देणार नाही. तपासणीला येणारा अधिकारी फाइल पूर्ण आहे का हे बघतो, आणि फाइल पूर्ण करायचा तोच एक मार्ग त्यांच्यापुढे उरतो. मात्र नुकसान मुलाचं होतं. २६ लिहिणाऱ्या मुलीच्या रकान्यातही ‘गणिती क्रियांत रस घेते’ हेच येतं.



दरम्यान लोकांच्या मनात एक गल्लत पक्की झाली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ म्हणत होतं की आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवू नका. कलम २९ म्हणत होतं की त्याचं सतत मूल्यमापन करा. पहिल्याची अंमलबजावणी सोपी होती, ती झाली. दुसरं कागदावर राहिलं. दोन्ही मिळून ‘ढकलपास’ हे नाव पडलं आणि खापर मूल्यमापनावर फुटलं. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्यायची, अनुत्तीर्ण झालेल्यांना दोन महिन्यांत पुनर्परीक्षा द्यायची आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्याप्रमाणे नियम बदलले. पाचवीत थांबलेल्या मुलाची वजाबाकी तिसरीत अडली होती, तेव्हा कुणी बघितलं नाही. त्याची शिक्षा आता दहा-अकरा वर्षांच्या मुलाला, हे मला अन्यायाचं वाटतं. घरात आधीच शिक्षणाची ओढाताण असेल तर त्याच वर्गात ठेवलेली मुलगी पुन्हा शाळेत येईलच याची खात्री कोण देईल?

आता समग्र प्रगतिपत्रक येत आहे. २०२० च्या धोरणाने त्याची कल्पना मांडली. त्यात मूल स्वतःविषयी सांगणार, सोबती त्याच्याविषयी सांगणार, पालकही भर घालणार. कल्पना चांगली आहे. पण रकाने वाढले आणि वेळ तेवढाच राहिला, तर याही पत्रकासाठी तयार वाक्यांच्या पीडीएफ फिरतील. म्हणून माझा आग्रह साध्या गोष्टींचा आहे. प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयात नोंद ही सक्ती काढावी. जिथे सांगण्यासारखं काही दिसलं तिथेच ती व्हावी आणि बाकीचा रकाना कोरा ठेवायची शिक्षकाला लेखी परवानगी असावी. शाळांच्या गटावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांनी भेटीत नोंदवहीऐवजी मुलांच्या वह्या उघडाव्यात. केंद्रातल्या शिक्षकांच्या दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवण्यात जाणारा वेळ कमी करावा आणि प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या अडलेल्या एका मुलाची वही आणावी. काय चुकलं, का चुकलं, उद्या काय करून बघायचं, यावर केंद्रातल्या सगळ्यांनी तासभर बोलावं आणि पुढच्या महिन्यात त्याच मुलाची वही पुन्हा आणावी. यासाठी नवा निधी लागत नाही, नवं ॲपही लागत नाही.