‘फ्यू’ की ‘अ फ्यू’? एवढ्याशा शब्दानं इंग्रजी वाक्याचा अर्थ कसा फिरतो

समजा, डहाणू तालुक्यातल्या रानशेतमध्ये बारावी झालेली एक मुलगी मोबाईलवर कॉलेजची नोटीस वाचते आहे. नोटीस इंग्रजीत आहे. त्यात एक ओळ आहे : ‘फ्यू सीट्स आर लेफ्ट’. आता प्रश्न असा, की तिनं उद्या सकाळची एसटी पकडून पालघर गाठायचं की नाही?

व्याकरणाच्या हिशेबानं या ओळीचा अर्थ होतो, ‘जागा फारशा उरलेल्या नाहीत’. म्हणजे जवळपास संपल्यातच जमा. पण त्याच ओळीत सुरुवातीला एक ‘अ’ जोडला, ‘अ फ्यू सीट्स आर लेफ्ट’, तर अर्थ होतो, ‘काही जागा अजून आहेत’. पहिलं वाक्य सांगतं की आशा कमी आहे, दुसरं सांगतं की या, जागा आहेत. फरक फक्त एका अक्षराचा.

त्यातही गंमत अशी, की आपल्याकडच्या कितीतरी नोटिसांत हा ‘अ’ लिहायचाच राहून जातो. लिहिणाऱ्याला ‘काही जागा आहेत’ असंच म्हणायचं असतं. त्यामुळे अशी ओळ दिसली तर बस चुकवण्याआधी एक फोन करणं बरं. पण हा ‘अ’ आपल्याकडे इतका सहज का निसटतो, हे समजून घेतलं तर निम्मं काम होतं.

आपल्या भाषेत ‘द’ नाही, मग आपलं भागतं कसं?

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तेव्हापासून ‘अ, ॲन, द’ हे तीन शब्द मुलांना लहानपणीच भेटतात. शाळेच्या व्याकरणात त्यांना उपपदं म्हणतात. तरीही पदवीपर्यंत पोचलेले विद्यार्थीसुद्धा इथे अडखळतात.

कारण साधं आहे. मराठी, हिंदी, गुजराती यांपैकी कुठल्याच भाषेत ‘द’साठी वेगळा शब्द नाही. रशियन, चिनी आणि जपानी भाषाही उपपदांशिवायच चालतात. डहाणू-तलासरी पट्ट्यात तर घरी वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती किंवा हिंदी आणि मग इंग्रजी, असा प्रवास करणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी ‘द’ हा अगदीच उपरा शब्द.

पण शब्द नाही म्हणजे कल्पनाही नाही, असं मात्र नाही. ही दोन वाक्यं बघा.

मी डॉक्टर शोधतोय.
मी डॉक्टरांना शोधतोय.

पहिल्या वाक्यात कुठलाही डॉक्टर चालेल. दुसऱ्या वाक्यात ठरावीक डॉक्टर हवेत, आणि ते कोण हे ऐकणाऱ्याला माहीत आहे. इंग्रजीत हाच फरक ‘अ डॉक्टर’ आणि ‘द डॉक्टर’ असा दाखवला जातो. इथे आपण तो ‘ना’ या प्रत्ययानं दाखवला.

दुसरं उदाहरण. ‘काल एक माणूस आला होता. तो माणूस आज परत आला.’ इंग्रजीत पहिल्या वाक्यात ‘अ मॅन’, दुसऱ्यात ‘द मॅन’. इथे आपण ‘एक’ आणि ‘तो’ वापरले. हा निव्वळ योगायोग नाही. इंग्रजीतला ‘अ’ आणि ‘ॲन’ हे जुन्या इंग्रजीतल्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दाचंच झिजलेलं रूप आहे. आणि ‘द’ आला आहे ‘तो, ती, ते’ अशा बोट दाखवणाऱ्या शब्दांपासून. म्हणजे इंग्रजांनी जे शब्द झिजवून सक्तीचे केले, ते आपण गरज पडेल तेव्हाच वापरतो. खरा फरक एवढाच आहे.

एकच प्रश्न विचारा : ‘कोणता?’

नामाआधी काय लावायचं हे ठरवताना कल्पना करा, की समोरचा माणूस तुम्हाला ‘कोणता?’ असं विचारू शकतो.

‘दार लाव’ म्हटल्यावर घरात कोणी ‘कोणतं दार?’ असं विचारत नाही. म्हणून ‘क्लोज द डोअर’. ‘सूर्य उगवला’ म्हटल्यावर कोणता सूर्य, असा प्रश्नच येत नाही. म्हणून ‘द सन’. गावात ‘सरपंच आले’ म्हटलं की सगळ्यांना माणूस कळतो. म्हणून ‘द सरपंच’.

पण ‘मी चिकूचं एक झाड लावलं’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठरावीक झाड नसतं. तिथे ‘अ चिकू ट्री’. पुढच्या वाक्यात त्याच झाडाला पाणी घातलं, तर आता झाड ओळखीचं झालं. म्हणून ‘द ट्री’.

तिसरी शक्यताही आहे. ‘चिकू गोड असतात’ हे वाक्य जगातल्या सगळ्या चिकूंबद्दल आहे. इथे ‘चिकूज आर स्वीट’, काहीच लावायचं नाही. पण ‘काल आणलेले चिकू गोड आहेत’ म्हणायचं असेल, तर ‘द चिकूज’.

आणि एक चूक जी जवळपास सगळ्यांची होते. ‘माझी आई शिक्षिका आहे’ याचं इंग्रजी ‘माय मदर इज टीचर’ नाही, तर ‘माय मदर इज अ टीचर’. मराठीत तिथे ‘एक’ लावला तर वाक्य विचित्र वाटतं, म्हणून इंग्रजीतही आपण तो गाळतो. इंग्रजीत एका माणसाचा व्यवसाय असा सांगताना तिथे ‘अ’ किंवा ‘ॲन’ लावावाच लागतो.

‘अ’ की ‘ॲन’? इथे देवनागरी मदतीला येते

‘स्वराआधी ॲन’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो. गडबड होते, कारण आपण इंग्रजी स्पेलिंगकडे बघतो आणि नियम मात्र उच्चाराचा आहे. यावर मराठी माणसाकडे एक हुकमी उपाय आहे : शब्द देवनागरीत लिहून बघा.

‘अवर’, म्हणजे तास, देवनागरीत ‘अ’ने सुरू होतो. म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ देवनागरीत ‘य’ने सुरू होते आणि ‘य’ हे व्यंजन आहे. म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-रुपी कॉइन’ ‘व’ने सुरू होतं, म्हणून ‘अ’. एसटी, एसएससी, एचएससी, एफआयआर, एमएलए हे सगळे ‘ए’ने सुरू होतात, म्हणून सगळ्यांना ‘ॲन’. पण पीएसआयला ‘अ’ आणि यूपीआय पेमेंटलाही ‘अ’. स्पेलिंगमुळे इंग्रज मुलाचाही गोंधळ उडू शकतो, पण आपली लिपी उच्चार दाखवत असल्यामुळे उत्तर समोरच दिसतं.

या ‘ॲन’मधल्या ‘न’नं खुद्द इंग्रजांनाही चकवलं आहे. स्वयंपाक करताना बांधतात त्या ‘एप्रन’चं जुनं रूप होतं ‘नॅप्रन’. ‘अ नॅप्रन’ म्हणता म्हणता लोकांना ‘ॲन एप्रन’ असं ऐकू येऊ लागलं आणि शब्दाचा ‘न’ कायमचा उपपदाकडे गेला.

गावाला नाही, नदीला हो

ठिकाणांच्या नावांचा हिशेब वेगळा आहे. गाव, तालुका, राज्य यांना सहसा काही लागत नाही. रानशेत, डहाणू, तलासरी, महाराष्ट्र असंच. पण नदी, समुद्र आणि डोंगररांगा यांना ‘द’ लागतो. डहाणू तालुक्यातून वाहणारी सूर्या नदी म्हणजे ‘द सूर्या’. ‘द अरेबियन सी’. ‘द सह्याद्रीज’. मात्र एकट्या शिखराला ‘द’ नाही, म्हणून नुसतं कळसूबाई. ‘ऑफ’ असलेल्या नावांना बहुतेक वेळा ‘द’ लागतो. म्हणजे ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’, पण नुसतं ‘मुंबई युनिव्हर्सिटी’.

मोजता येतं की मापावं लागतं?

आता ‘किती’ सांगणारे शब्द. मराठीत ‘खूप’ आणि ‘थोडं’ एवढ्यावर बरंचसं भागतं. खूप चिकू, खूप पाणी. थोडे चिकू, थोडं पाणी. इंग्रजी मात्र आधी विचारते, वस्तू मोजता येते का?

मोजता येत असेल तर ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘अ फ्यू’. मापावी लागत असेल तर ‘मच’, ‘लिटल’, ‘अ लिटल’. म्हणून ‘मेनी चिकूज’, पण ‘मच वॉटर’. शंका आली तर ‘अ लॉट ऑफ’ वापरा. तो दोन्हीकडे चालतो.

‘फ्यू’चा जो खेळ सुरुवातीला पाहिला, तोच ‘लिटल’चाही आहे. ‘देअर इज लिटल वॉटर इन द वेल’ म्हणजे विहिरीत पाणी नसल्यासारखंच. ‘अ लिटल वॉटर’ म्हणजे थोडं आहे, भागेल. मराठीत हा फरक आपण ‘फारसं नाही’ आणि ‘थोडं आहे’ असा करतो. म्हणून सोपी खूण लक्षात ठेवा : मराठी वाक्यात ‘नाही’ येत असेल तर नुसतं ‘फ्यू’ किंवा ‘लिटल’, ‘आहे’ येत असेल तर आधी ‘अ’.

खरी फसगत होते ती दोन भाषांची मोजणी जुळत नाही तिथे. मराठीत केस अनेकवचनी असतात, ‘केस गळतात’. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’ एकवचनी. आपल्याकडे ‘तांदूळ संपले’, त्यांच्याकडे ‘राइस’ एकवचनी. आपण दोन सल्ले देतो, दोन बातम्या ऐकतो. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ आणि ‘न्यूज’ मोजता येत नाहीत. त्यामुळे ‘ॲन ॲडव्हाइस’, ‘अ गुड न्यूज’, ‘फर्निचर्स’, ‘होमवर्क्स’ ही रूपं चुकीची ठरतात. मोजायचंच असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणायचं. आपण नाही का ‘एक पाणी’ न म्हणता ‘एक ग्लास पाणी’ म्हणत, तसंच.

‘ईच’ आणि ‘एव्हरी’ यांचा अर्थ ‘प्रत्येक’, म्हणून त्यांच्यानंतर नाम एकवचनी. ‘एव्हरी स्टुडंट’, ‘एव्हरी स्टुडंट्स’ नाही. ‘ऑल स्टुडंट्स’ म्हणजे एकूण विद्यार्थी ही जमात. ‘ऑल द स्टुडंट्स’ म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते सगळे.

एक ‘द’ नव्हता म्हणून...

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दानं असं काय बिघडतं? त्याचं उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत आहे. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर, २२ नोव्हेंबर १९६७ ला सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. इस्रायली सैन्यानं युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं त्यात होतं. इंग्रजी मजकुरात ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नव्हता. फ्रेंच मजकुरात मात्र उपपद होतं.

मग वाद सुरू झाला. ‘द’ नाही म्हणजे सगळ्याच प्रदेशांतून माघार बंधनकारक नाही, असं एक बाजू म्हणाली. फ्रेंच मजकूर स्पष्ट आहे, माघार सगळ्या प्रदेशांतून घ्यायची आहे, असं दुसरी बाजू म्हणाली. अर्धशतकाहून जास्त काळ लोटला, तरी हा वाद मिटलेला नाही. रानशेतमधल्या मुलीची अडचण आणि मुत्सद्द्यांची अडचण तशी एकाच जातीची आहे. लिहिणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं होतं, हे एका छोट्या शब्दावर अडलं.

सराव कसा करायचा?

याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. मुलाच्या परिसरात जे आहे, त्यातूनच शिकवायचं, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. उपपदांसाठीही तेच लागू पडतं. गाळलेल्या जागा भरण्यापेक्षा आजूबाजूच्या गोष्टींवर रोज पाच वाक्यं करा. विहीर, एसटी, चिकूची वाडी, महालक्ष्मीची जत्रा, काहीही चालेल.

प्रत्येक नामापाशी क्षणभर थांबा आणि क्रमानं तपासा.

१. हे गाव किंवा माणसाचं नाव आहे का? असेल तर सहसा काही लावू नका.
२. समोरचा ‘कोणता?’ विचारणार नाही, त्याला ते माहीत आहे? मग ‘द’.
३. ते माहीत नाही, पण वस्तू मोजता येते आणि एकच आहे? मग ‘अ’ किंवा ‘ॲन’. शंका असेल तर शब्द देवनागरीत लिहून बघा.
४. अनेक आहेत किंवा मोजता येत नाही, आणि बोलणं सर्वसाधारण आहे? मग काहीच नको.

या चार पायऱ्यांत इंग्रजीतले सगळे अपवाद बसत नाहीत. पण अर्ज, नोटीस, मुलाखत आणि परीक्षेत रोज होणाऱ्या बऱ्याचशा चुका यातच पकडल्या जातात. आणि पुढच्या वेळी कुठल्या इंग्रजी नोटिशीत ‘फ्यू’ दिसला, तर त्याच्या आधी ‘अ’ आहे का, हे आधी बघा. नसेल तर फोन करून विचारा.