जुन्या माळव्यात नवी मोहीम

टेबलाभोवती खेळल्या जाणाऱ्या ‘रोलप्लेइंग’ खेळांची सुरुवात १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने झाली. यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि सूत्रधार प्रसंग उभा करतो. अवघड कृती साधली की फसली, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. अनेक बैठकांतून चालणाऱ्या सलग कथेला मोहीम म्हणतात.

आधीच रचलेल्या जगात मोहीम बेतली, की नकाशा, राजे व इतिहास तयार मिळतात. १९८७ साली प्रकाशित झालेले ‘फरगॉटन रिअल्म्स’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. मात्र अशा जगात थोर व्यक्तीच सारे निर्णय घेऊ लागल्या, तर खेळाडू केवळ प्रेक्षक उरतात. हे कसे टाळावे, ते मराठी वाचकांच्या परिचयाच्या होळकरकालीन इंदूरच्या आधारे पाहू.

एकच वाट निवडा

अहिल्याबाईंची कारकीर्द १७६७ ते १७९५ अशी. राजधानी नर्मदाकाठचे महेश्वर. सूत्रधाराने सबंध माळवा एकदम उभा करू नये. इंदूरहून विंध्याचा घाट उतरून महेश्वरला जाणारी वाट पहिल्या बैठकीस पुरेशी आहे.

या डोंगराळ मुलखात मालावर ‘भिलकवडी’ घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क अहिल्याबाईंनी मान्य केला आणि वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. कथेचे बीज येथेच आहे. खेळाडू एका तांड्याचे रखवालदार आहेत; कवडी देऊनही माल नाहीसा झाला. करार कोणी मोडला? अद्भुताची जोड हवी असल्यास, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत हिंडणारा नर्मदाकाठच्या लोककथांतील अश्वत्थामा आहेच.

आधी काय ठरवावे?

इतिहास किती पाळायचा, अद्भुत किती असावे आणि कोणते विषय टाळावेत, हे खेळापूर्वीच सर्वांनी बोलून घ्यावे. भिल्लांना केवळ शत्रुपक्षाच्या जागी ठेवू नये. एखाद्या खेळाडूने भिल्ल पात्र घ्यावे. अहिल्याबाईंविषयीचा लोकांचा आदर लक्षात घेऊन त्यांना शक्यतो पडद्याआड ठेवावे. दरबारात काय सांगायचे आणि काय दडवायचे, हा निर्णय खेळाडूंचा असावा. त्या निर्णयाने कथा इतिहासापासून दूर गेली, तरी सूत्रधाराने ती मागे ओढू नये.

खेळाडूंसाठी पूर्वमाहितीचे एक पान पुरे. हीच पद्धत गोव्यात सत्तरीच्या रानवाटांनाही लावता येईल.