पडद्यावरचे सापळे आणि मूठभर वाळू

रविवारची दुपार. जेवणे आटोपून आम्ही सारे टीव्हीसमोर बसलो होतो. पडद्यावर ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रूसेड’ हा १९८९ सालचा चित्रपट चालू होता. नायक एका खोल दरीच्या काठावर उभा. पलीकडे जायला पूल दिसत नाही. डोळे मिटून छातीवर हात ठेवतो आणि पाऊल पोकळीत टाकतो. पाय दगडावर टेकतो! पूल तिथेच होता, पण खडकाच्या रंगात असा मिसळलेला की दिसत नव्हता. पलीकडे पोहोचल्यावर तो मूठभर वाळू मागे फेकतो आणि पूल स्पष्ट दिसू लागतो.

आमची धाकटी चटकन म्हणाली, “बाबा, त्याने वाळू आधी का नाही टाकली?”

वाचक बंधू-भगिनींनो, दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी हा प्रसंग श्रद्धेची परीक्षा म्हणून रंगवला आहे. पण दहा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात त्याची तपासणी केली. आम्हाला त्या प्रश्नाचा फार आनंद झाला आणि अशा चित्रपटांतील सापळ्यांकडे आम्ही नव्याने पाहू लागलो.

गंमत अशी की हाच नायक आठ वर्षांपूर्वी अधिक सावध होता. १९८१ सालच्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’च्या आरंभी तो पेरूमधील एका पुरातन मंदिरात शिरतो. वाटेत उन्हाचा एक झोत दिसतो. तो झोतात नुसता हात घालून पाहतो. भिंतीतून टोकदार सुळे बाहेर येतात आणि सापळा उघडा पडतो. सोबतच्या वाटाड्याने हे सारे डोळ्यांनी पाहिलेले असते. तरीही सोन्याची मूर्ती हाती येताच तो नायकाला दगा देऊन पळत सुटतो, झोताचा त्याला विसर पडतो आणि तेच सुळे त्याचा जीव घेतात. ज्ञान दोघांनाही सारखेच मिळाले होते. एकाचे ज्ञान लोभाने पुसून टाकले.

नायकही चुकतोच. मूर्तीच्या जागी तो वाळूची पिशवी ठेवतो, पण वजन नुसत्या अंदाजाने धरलेले. चौथरा खाली जातो आणि मंदिर कोसळू लागते. मग ती प्रचंड शिळा गडगडत मागे लागते. मुलांना धीर यावा म्हणून सांगतो, ती शिळा खऱ्या दगडाची नव्हती, फायबरग्लासची बनवलेली होती. पुढे नायकासमोर फणा काढणारा नाग आहे, त्याच्या आणि नटाच्या मध्येही काच उभी केलेली होती. पडद्यावरचे भय कसे तयार होते हे कळले की मुले रात्री दचकून उठत नाहीत.

१९८९च्या चित्रपटात तीन परीक्षा आहेत. पहिलीत फिरती पाती आहेत, जो गुडघे टेकतो तोच वाचतो. दुसरीत अक्षरे कोरलेल्या फरशा आहेत. देवाचे नाव अचूक लिहीत पुढे जायचे. नायक इंग्रजी वळणाने ‘जे’ अक्षरावर पाय देतो आणि फरशी ढासळते. लॅटिनमध्ये ते नाव ‘आय’ अक्षराने सुरू होते, हे त्याला ऐनवेळी आठवते. एका अक्षराने जीव जाता जाता वाचतो! या खुणा त्याच्या वडिलांनी आयुष्यभर अभ्यास करून वहीत टिपून ठेवलेल्या असतात. बळापेक्षा ती वहीच कामी येते.

२००१ सालच्या ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या चित्रपटात तर तीन मुलांना तीन निरनिराळे गुण लागतात. हरमायनीला वनस्पतीचा धडा आठवतो, हॅरी उडणारी किल्ली पकडतो आणि रॉन बुद्धिबळाच्या पटावर घोड्यावर बसून स्वतःचा बळी देतो, तेव्हा मित्रांची वाट मोकळी होते. एकट्याने कोणीच पार पडले नसते.

आता घरी सोडवण्यासाठी एक कोडे. १९८६च्या ‘लॅबिरिंथ’मध्ये सारा नावाच्या मुलीपुढे दोन दारे आहेत. एक किल्ल्याकडे नेते, दुसरे मृत्यूकडे. दोन पहारेकऱ्यांपैकी एक नेहमी खरे बोलतो, दुसरा नेहमी खोटे. प्रश्न एकच विचारायचा. काय विचाराल? थोडे थांबा, मुलांनाही विचार करू द्या.

उत्तर असे. कोणालाही विचारा, “हे दार किल्ल्याकडे जाते का, असे तुझ्या सोबत्याला विचारले तर तो काय सांगेल?” खरे बोलणारा सोबत्याचे खोटे जसेच्या तसे सांगेल. खोटे बोलणारा सोबत्याचे खरे उलटवून सांगेल. दोन्हीकडून उत्तर खोटेच येणार. म्हणून ‘हो’ ऐकू आले तर दुसरे दार धरा, ‘नाही’ आले तर तेच दार धरा. साराही असाच विचार करते. मात्र दार उघडून, किती सोपे होते हे, अशा ऐटीत पाऊल टाकते आणि खड्ड्यात पडते!

धाकटीच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले? नायकाच्या वडिलांना गोळी लागलेली असते, क्षणाक्षणाने जीव जात असतो. घाईत शहाण्या माणसालाही वाळू सुचत नाही. तिला ते पटले. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, “मला पण गणिताच्या पेपरात असंच होतं.”

आम्ही क्षणभर गप्प झालो. गणित चुकले की आवाज चढवणारे आम्हीच होतो. चित्रपटात चुकलेल्या उत्तरावर पाती फिरतात, फरशा ढासळतात. घरात तसे होण्याचे कारण नाही. घर ही मुलाने मूठभर वाळू फेकून पाहण्याची, चुकण्याची आणि पुन्हा विचार करण्याची जागा आहे. तेव्हा पुढच्या वेळी असा चित्रपट लागला की मुलांशेजारी बसा, कोडे आले की त्यांचे उत्तर विचारा, आणि ते चुकले तर हसून म्हणा, “बरं, आता दुसरं दार पाहू.”