पायथन २ ची अकरा वर्षं लांबलेली निवृत्ती

पायथन २ या संगणकभाषेत ‘मराठी’ हा शब्द नेहमीसारखा लिहून त्याची लांबी विचारली, की उत्तर १५ यायचं. म, र, काना, ठ आणि वेलांटी असे त्यात पाचच घटक. पण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटची जागा घेतो आणि पायथन २ अक्षरांऐवजी बाइटच मोजत असे. सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडसाठी वेगळी सोय होती, पण दोन्ही प्रकारचा मजकूर एकत्र आला की पायथन २ तो साध्या इंग्रजी अक्षरांतलाच आहे असं धरून चाले. त्यामुळे इंग्रजी नावांवर सुरळीत चाललेला प्रोग्रॅम पहिलं देवनागरी नाव येताच कोसळे. मराठी, हिंदी, अरबी, चिनी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास ठाऊक आहे.

हा दोष पायाशी होता, डागडुजीने जाणारा नव्हता. म्हणून पायथनचे निर्माते गिडो व्हान रॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० आणलं, तेव्हा जुन्या आवृत्तीशी जाणूनबुजून फारकत घेतली. मजकूर म्हणजे युनिकोड, बाइट वेगळे. इतरही बदल केले: पूर्वी ७ भागिले २ चं उत्तर ३ यायचं, ते आता ३.५ येऊ लागलं. असा बदल सर्वांत धोक्याचा, कारण प्रोग्रॅम थांबत नाही, गुपचूप वेगळं उत्तर देतो. एवढी किंमत मोजूनही तो निर्णय योग्यच होता, असं मला ठामपणे वाटतं. जगातल्या बहुतेक लिप्यांना अपवाद म्हणून वागवणारी भाषा पुढे रेटण्यात अर्थ नव्हता.

पण जुन्या आवृत्तीवर जगभर कामं उभी होती. २०१० च्या जुलैमध्ये आलेली २.७ ही तिची शेवटची मालिका. ती २०१५ पर्यंत सांभाळायची असं ठरलं होतं. लोक हलेनात. आपल्याला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, नव्या आवृत्तीवर येईपर्यंत कंपन्या थांबल्या आणि वापरणारे येईपर्यंत लायब्ररी लिहिणारे थांबले. अखेर २०१४ मध्ये मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली.

या वाढीव वर्षांचा भार कुणी वाहिला, हे फारसं बोललं जात नाही. सुरक्षेतली एखादी त्रुटी सापडली, की ती दोन्ही आवृत्त्यांत तपासायची. आतली रचना वेगळी असल्याने एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे जशीच्या तशी बसत नाही. मग ती पुन्हा लिहायची, पुन्हा चाचण्या घ्यायच्या, आणि हे सगळं करणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून, विनामोबदला राबणारे. लायब्ररीवाल्यांनाही हीच दुहेरी मेहनत पडे. शेवटी त्यांनीच कोंडी फोडली. डिसेंबर २०१७ मध्ये वेबसाइट उभारण्यासाठीच्या जँगो २.० ने पायथन २ सोडलं. २०१९ पासून आकडेमोडीच्या नमपाय या लायब्ररीची नवी वैशिष्ट्यं फक्त पायथन ३ साठी येऊ लागली. कंपन्यांपैकी इन्स्टाग्रामने २०१७ पर्यंत स्थलांतर उरकलं होतं. गिडो स्वतः जिथे नोकरीला होते त्या ड्रॉपबॉक्सच्या डेस्कटॉप ॲपला मात्र २०१८ उजाडलं.

१ जानेवारी २०२० रोजी सपोर्ट संपला आणि एप्रिलमध्ये २.७.१८ ही अखेरची आवृत्ती आली. सपोर्ट संपला त्या दिवशी कुणाचाही प्रोग्रॅम बंद पडला नाही. म्हणूनच सपोर्ट संपणं म्हणजे नेमकं काय, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. यापुढे सापडणारी त्रुटी मूळ चमू दुरुस्त करणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. सॉफ्टवेअर चालू राहतं, पण दर वर्षी अधिक असुरक्षित होत जातं. कोड खुला असल्याने दुसऱ्या कुणालाही तो सांभाळता येतो; रेड हॅटने आपल्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी २.७ पुढेही काही वर्षं सांभाळलं. हे मला रास्त वाटतं. ज्यांना जुनंच हवं, त्यांनी त्याचा खर्च उचलावा. स्वयंसेवकांकडे ते हक्काने मागू नये.

ई-पुस्तकांच्या कॅलिबर या सॉफ्टवेअरचे कर्ते, भारतीय प्रोग्रॅमर कोविद गोयल, यांनी सुरुवातीला पायथन २ आपण स्वतः सांभाळू शकतो, अशी भूमिका घेतली होती. परवान्याने तो अधिकार त्यांना होताच. तरीही सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबर ५.० पायथन ३ वर आलं.

पायथनच्या चमूने आता मुदत आधीच बांधून टाकली आहे. दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षं मिळतात: सुरुवातीला सगळ्या दुरुस्त्या, नंतर फक्त सुरक्षेच्या. बँक, महाविद्यालय, सरकारी कार्यालय, जिथे जिथे पायथन चालतं तिथल्या कंत्राटात स्थलांतराचं काम आणि त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून लिहिलेले असायला हवेत, कारण तारीख अचानक येत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० ची मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते.