ती कात, तो कात नव्हे!

नवीन वर्ष आलं, नवीन सेमिस्टर सुरू झालं किंवा ब्रेकअप झालं, की तुमच्या-आमच्या स्टोरीवर ‘न्यू मी’ झळकतंच. मराठीत त्यासाठी झक्कास शब्दप्रयोग आहे : कात टाकणे. वर्तमानपत्रांचा तर तो फारच लाडका. एसटी स्टँडला रंग दिला, स्टँडने कात टाकली. कँटीनमध्ये नव्या खुर्च्या आल्या, कँटीननेही कात टाकली. (मथळा सुचत नसेल तेव्हाचा हा हुकमी एक्का, हे डेस्कवर बसायला लागल्यावर कळलं.)

पण साप नक्की काय करतो, माहितीये?

आधी व्याकरण उरकू. सापाची ‘ती’ कात, विड्यातला ‘तो’ कात. शब्द वेगळे, गल्लत नको. सापाची कात ही कातडीच्या घराण्यातली.

आता गंमत बघा. साप वाढतो, पण त्याच्या कातडीचा वरचा थर त्याच्यासोबत वाढत नाही. मग आत नवा थर तयार होतो. जुन्या-नव्याच्या मध्ये द्रव साचतो आणि सापाचे डोळे दुधाळ, निळसर दिसायला लागतात. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही. तो आडोशाला पडून राहतो, बरेचदा खात नाही, चिडचिडाही होतो. (परीक्षेआधीचा आपला रूममेट आठवला ना?) डोळे पुन्हा स्वच्छ झाले की काही दिवसांनी तो तोंड दगडावर, खोडावर घासतो. ओठांपाशी कात सुटते आणि मोजा उलटा काढावा तशी मागे मागे निघत जाते. डोळ्यांवरचं पारदर्शक आवरणसुद्धा तिच्यासोबत जातं. शेपटीला तुकडा चिकटून राहिला, तर तो आवळत जातो आणि रक्तपुरवठा तुटू शकतो.

म्हणजे कात टाकण्यात वरून काही चढत नाही, अंगावरचं उतरतं. रंग दिलेल्या स्टँडने कात टाकली, हे म्हणूनच मला पटत नाही. तो ‘नटला’ म्हणा हवं तर! लायसन्सचं ‘नूतनीकरण’ होतं, देवळाचा ‘जीर्णोद्धार’ होतो, झाडाला ‘पालवी’ फुटते. कामं वेगळी, म्हणून शब्द वेगळे.

मग हा शब्द शोभतो कुठे? मुंबईतल्या बीडीडी चाळी घ्या. १९२० च्या दशकातल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या. माणसं वाढली, खोली तेवढीच. आता पुनर्विकासात तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. इथे ‘कात टाकली’ म्हणणं मला मान्य, कारण घर खरंच अंगाला घट्ट झालं होतं. आणि ‘जैत रे जैत’ (१९७७) बघा. नको असलेला नवरा सोडून निघालेली चिंधी आठवली, की महानोरांनी त्या गाण्यात हाच शब्द का निवडला ते आपोआप कळतं.

घरचे विचारतात, ‘काय, बदलणार कधी तू?’ तेव्हा एवढं सांगा, की डोळे दुधाळ असताना सापाला हात लावत नाहीत आणि कात कुणी ओढूनही काढत नाहीत. आणि हो, वाढत्या वयाचा साप म्हाताऱ्या सापापेक्षा जास्त वेळा कात टाकतो.