'डोमेन सापडत नाही' म्हणजे नोंदी हरवल्या असे नव्हे

विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्या माहितीसाठी रुग्णालयाच्या संगणकव्यवस्थेतील एका अडचणीचे विवेचन येथे करीत आहोत.

बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा, औषधालय व लेखा विभाग येथील संगणक एका सूत्रात बांधलेले असतात. कोणती नोंद कोणी पाहावी, निर्धन रुग्णनिधीचा हिशेब कोणी उघडावा, हे ठरविणारी यादी मध्यवर्ती संगणकावर असते. या समूहास 'डोमेन' व यादी सांभाळणाऱ्या संगणकास 'डोमेन कंट्रोलर' म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर आणलेली 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' ही अशा यादीची सुपरिचित व्यवस्था होय.

कर्जत-खालापूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, मुसळधार पावसाचा प्रदेश. वीज जाऊन परत आल्यावर कधी व्यवस्थापकाच्या पडद्यावर ही यादी उघडतच नाही. 'डोमेन अस्तित्वात नाही अथवा त्याच्याशी संपर्क होऊ शकत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. त्यातील पहिल्या शब्दांनी मन धास्तावते. पण बहुतेक वेळा खरा ठरतो तो दुसरा भाग. कर्जत स्थानकावरील चौकशीची खिडकी बंद असली म्हणून खोपोलीची गाडी रद्द झाली, असे होत नाही. तसेच हे आहे.

नावावरून पत्ता सांगणारी ही खिडकी म्हणजे 'डीएनएस' सेवा. डोमेन कंट्रोलर आपला ठावठिकाणा तिथे नोंदवितो. एखाद्या संगणकात या सेवेऐवजी इंटरनेट कंपनीचा पत्ता भरला गेला, तर खालापूरच्या वाडीतील घर मुंबईच्या बाजारात विचारण्यासारखे होते. इंटरनेट व्यवस्थित चालते, डोमेन मात्र सापडत नाही.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. प्रथम तारा, स्विच व मुख्य संगणक सुरू आहेत ना, हे पाहावे. नंतर अडलेल्या संगणकात डीएनएसचा पत्ता रुग्णालयाच्या स्वतःच्या सर्व्हरचाच आहे ना, हे तपासावे. त्यानंतर घड्याळे जुळवावीत. सर्वसाधारण मांडणीत पाच मिनिटांहून अधिक तफावत पडल्यास ओळख नाकारली जाते. व्यवस्थापकाने डोमेनच्या खात्यानेच प्रवेश केला आहे ना, हेही पाहावे. विंडोज पूर्वीच्या प्रवेशांची आठवण ठेवते. त्यामुळे संपर्क तुटलेला असतानाही कर्मचाऱ्यास प्रवेश मिळू शकतो. तेवढ्यावरून सर्व ठीक आहे, असे मानू नये. शेवटी सर्व्हरवरील सेवा व त्यांच्या नोंदवह्या तपासाव्यात.

घाईने त्याच नावाचे नवे डोमेन उभारणे हा मात्र सर्वांत घातक उपाय. नाव तेच दिसले तरी त्याचा अंतर्गत ओळखक्रमांक वेगळा असतो. जुने परवाने त्याला ओळखत नाहीत, आणि प्रत्येक संगणक नव्याने जोडावा लागतो. काही मिनिटांत सुटणारी अडचण मग अनेक दिवसांची होते.

यावर प्रतिबंध तीन. एकमेकांची प्रत ठेवणारे दोन डोमेन कंट्रोलर असावेत. एक बंद पडल्यास दुसरा काम पाहतो. दोहोंस खात्रीचा बॅटरी-पुरवठा असावा. यादीची प्रत नियमित घेऊन ती परत उभी राहते का, हे करून पाहावे. सर्वसाधारणपणे १८० दिवसांहून जुनी प्रत उपयोगी पडत नाही. हा खर्च इमारतीसारखा किंवा यंत्रासारखा डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच देणगीदारांपुढे तो मुद्दाम मांडावा लागतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा प्रसंगी रुग्णाची जुनी नोंद तत्काळ हाती लागणे अगत्याचे असते. म्हणून संगणक दुरुस्त होईपर्यंत कागदी केसपेपर व नोंदवही तयार असावी. यादी उघडण्यास वेळ लागला, तरी उपचारांना लागता कामा नये.