लग्नाची जुनी कॅसेट ‘४के’ करून घेताय? पैसे देण्याआधी हे समजून घ्या

घरात ५५ इंची टीव्ही आला की पेन ड्राइव्हवर हमखास लागतो तो आई-बाबांच्या लग्नाचा व्हिडिओ. आणि पहिल्याच मिनिटाला हिरमोड होतो. चेहरे धूसर, हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा. मग कुणीतरी सुचवतं, ‘एआयनं ४के करून घे की!’

होतं का तसं? होतं, पण आधी थोडा हिशेब पाहू.

कॅसेटवरून केलेल्या डीव्हीडीच्या एका फ्रेममध्ये ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल असतात. ४के टीव्हीवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोबर २० पट! पडदा पूर्ण भरायचा तर २० पिक्सेलमागे एकाचीच माहिती तुमच्याकडे आहे, बाकीचे १९ कुणीतरी अंदाजाने भरायचे. व्हीएचएस कॅसेटमधला मूळ तपशील तर डीव्हीडीपेक्षाही कमी असतो.

हा अंदाज टीव्ही स्वतःही बांधतोच. शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढण्याच्या साध्या पद्धतीत चित्र मऊ दिसतं, पण खोटं काही येत नाही. एआयचं तसं नाही. असंख्य चित्रांवरून शिकलेलं हे सॉफ्टवेअर ‘इथे डोळा असावा’ असं ठरवून डोळा काढतं. जवळून घेतलेल्या दृश्यात निकाल छान येतो. पण मागच्या पंगतीत बसलेल्या आजीचा चेहरा जेमतेम १५ पिक्सेलचा असेल, तर पडद्यावर दिसेल ती स्वच्छ चेहऱ्याची, पण भलतीच बाई. आजीचं चित्रण तेवढंच उरलं असेल, तर हा सौदा महागात पडतो.

मग जुने सिनेमे ४केमध्ये इतके सुंदर कसे दिसतात? कारण ते फिल्मवर चित्रित झालेले असतात. ‘पाथेर पांचाली’च्या आगीत होरपळलेल्या निगेटिव्हमधूनही २०१५मध्ये ४के प्रत तयार झाली, कारण तपशील फिल्मवर होताच, फक्त नव्याने स्कॅन करायचा होता. कॅसेटमध्ये तो मुळातच नाही.

त्या कंगव्यासारख्या रेषांचं कारण वेगळं आहे. जुना कॅमेरा आधी एकाआड एक रेषा टिपायचा आणि उरलेल्या रेषा सेकंदाच्या ५०व्या भागानंतर. या दोन भागांचा मेळ घालणं म्हणजे डीइंटरलेसिंग. ते आधी, रिझोल्यूशन नंतर. हा क्रम चुकला तर एआय त्या रेषाच ठळक करून ठेवतं! ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरनं डीइंटरलेसिंग घरीही करता येतं. अनेकांचं समाधान तेवढ्यावरच होतं.

दुकानात देणार असाल, तर आधी ३० सेकंदांचा नमुना मागा. तोही स्टेजवरचा नको, पंगतीचा किंवा रात्रीच्या वरातीचा. फाइलच्या माहितीत ‘३८४०’ दिसतं म्हणून खूश होऊ नका, तो फक्त पिक्सेलचा आकडा आहे. चित्र ४:३ प्रमाणातच ठेवायला सांगा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, राहू देत. नाहीतर नवरदेव उगाच जाडा दिसतो. मूळ कॅसेट आणि पहिली डिजिटल कॉपी मात्र जपून ठेवा. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, नाहीतर तो वाटेत पुन्हा आक्रसतो.